घरचे हात

जाता जाता पावसाने दोरवाल्यांच्या वाट्याची भिंत नेली. गावात दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. पावसालासुद्धा माणसं पारखून त्रास देता येतो.

गावात खोल्या पुष्कळ होत्या, पण नुसतं 'खोली' म्हटलं की एकच. चौकाच्या कडेची, गावाच्या बसण्या-बोलण्याची, लांबट, बुटक्या दाराची, सगळी मातीची. मधोमध शेगडी, भिंतींना लागून कमरेला येईल असा ओटा, आणि ओट्यावर ज्याची त्याची जागा. ज्या घराची जागा, त्याच्या पाठीमागची भिंत त्याच घराने राखायची. लिंपायची, भेगा बुजवायच्या, पडली तर उभी करायची, आणि तीही घरच्या हातांनी. मजूर लावायचा नाही, शेजाऱ्याने मातीला हात लावायचा नाही. शेजाऱ्याने फार तर पाणी आणून द्यावं. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायचा तरी कुणाला विचारून, हा प्रश्न होता.

दोरवाल्यांच्या घरी घरचे हात म्हणजे सुनेचे दोन. नवरा तापात गेला त्याला दोन हिवाळे झाले होते. सासरा होता, पण त्याचे गुडघे गेले होते. बसल्या जागी दोर वळायचा, उठायचं झालं की सुनेच्या खांद्याला धरायचा. खोलीत जाणं त्याचं गेल्या वर्षीच सुटलं. मग त्यांची जागा रिकामी राहिली.

खोलीत रिकामी जागा राहत नाही. कुणी आत आलं की ओट्यावरची माणसं सरकतात. बोलणं थांबत नाही, कुणी वर बघत नाही, नुसतं सरकायचं. तशी ती जागा भरली. कुणी घेतली म्हणावं तर कुणीच घेतली नव्हती, प्रत्येक जण फक्त थोडा ऐसपैस बसला होता.

पण तळ्याच्या पाळ्या त्या ओट्यावर ठरायच्या. तागाचे भारे तळ्यात भिजत घालायचे, साल सुटली की तिचे धागे, म्हणजे वाख, सोडवायचा, धुवायचा, वाळवायचा, मग वळायचा. पाणी ताजं असताना पाळी मिळाली तर वाख पांढरा, चिवट निघतो. गेल्या हंगामात ओट्यावर दोरवाल्यांचं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटची पाळी मिळाली. पाणी गुडघ्याएवढं राहिलं होतं, वास मारत होतं. वाख काळा पडला. बाजारात गिऱ्हाईक दोर हातात घ्यायचं, नाकाशी न्यायचं आणि काही न बोलता खाली ठेवायचं. सून ते उन्हात बसून दिवसभर बघत राहिली होती. असा आणखी एक हंगाम गेला तर घरातलं दोर वळायचं चाक सरपणात जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि आता भिंतही गेली. खोलीच्या मागे दुकानदाराने नवं पत्र्याचं छप्पर घातलं होतं. त्याची सगळी धार बरोबर दोरवाल्यांच्या भिंतीवर पडत होती.

"पन्हळ लावायला हवी होती तुम्ही," सून खोलीत येऊन उभ्याउभ्याच दुकानदाराला म्हणाली.

"वहिनी, पाऊस काय मी पाडला?" दुकानदार म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःच्या फायद्याचं त्याला लांबून दिसायचं आणि दुसऱ्याच्या तोट्याचं जवळूनही दिसायचं नाही. "उलट मी म्हणतो, पडलीच आहे तर राहू द्या. तिथे दार काढतो, दुकानातून सरळ खोलीत. शेगडीला लाकडं माझ्याकडून, कायमची. तुमच्या घरचं तरी कोण बसणार आहे आता?"

लाकडांचं नाव निघाल्यावर ओट्यावरची बरीच माणसं विचारात पडली. थोरला सुतार ओट्यावर वयाने सगळ्यात मोठा, त्याचा शब्द शेवटचा. तो दाढी खाजवत म्हणाला, "हंगामाच्या बैठकीपर्यंत वाट बघू. तोवर भिंत उभी राहिली तर जागा त्यांची. नाही राहिली तर दार."

"आणि बसणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"जो उभी करेल तो बसेल. तसंच आहे पहिल्यापासून."

हे बोलताना सुताराच्या डोळ्यासमोर नक्की कोण होतं देव जाणे. सून मात्र भोकाला लावलेल्या गोणपाटाकडे बघत उभी होती, आणि तिने ते नीट ऐकलं.

*

ऊन तापायला लागल्यावर तिने कामाला हात घातला. पहाटे दोर वळायचा, सासऱ्याचं खाणंपिणं करायचं, मग कुदळ घेऊन खोलीमागे. पडलेल्या भिंतीची ढेकळं फोडायची, चाळायची, त्यातच नवी माती मिसळायची. जुनी माती टाकायची नसते, ती भिंत म्हणून एकदा उभी राहिलेली असते.

ढेकळं फोडताना एकावरचं लिंपण खपलीसारखं सुटलं आणि आत तळहात दिसले. तीन. लहान मुलांचे, ओल्या मातीत दाबलेले, शेजारी शेजारी. तिने कुदळ बाजूला ठेवली. ते ढेकूळ पदराने पुसलं, घरी नेलं आणि चाकाच्या मागे ठेवून दिलं. फोडवेना, एवढंच.

मग गारा तुडवायचं काम. खड्ड्यात माती, पाणी, वाखाचा कातरलेला चुरा, आणि वरून पाय. घट्ट गारा तुडवायला पोटऱ्यांत जोर लागतो. एकटी बाई किती तुडवणार? पहिल्या दिवशीच तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. येणारे-जाणारे बघत होते आणि त्यांना वाईट वाटत होतं. मातीला हात लावता येत नव्हता, पाणी तेवढं देता येत होतं. मग प्रत्येकाने पाणी दिलं. न्हाव्याने बादली आणली, शिंपिणीने कळशी आणली, शाळेतून सुटलेली पोरंसुद्धा तांब्या ओतून गेली. कुणाला नको म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर पाणी जास्त झालं की पाय हलके पडायचे. गावाने एवढी माया लावली की गाऱ्याची पेज झाली.

त्या पातळ गाऱ्याचे तिने थर रचले. पहिला बसला. दुसरा बसला. तिसरा रचला त्या संध्याकाळी खोलीत ओटा भरलेला होता. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "भिंतीला पोट आलंय." सगळ्यांनी मान वळवली. भिंत खरोखरच पोटुशी दिसत होती. मग ते पोट हळूहळू खाली आलं आणि सगळा गारा ओट्यावर पसरला. दुकानदाराच्या मांडीवर एक गोळा पडला.

"वहिनी, दार काढायला तुम्हीच सुरुवात केलीत की," तो धोतर झटकत म्हणाला.

हसू फुटलं. कुत्सित नव्हतं, पण हसणं ते हसणं. ती भिंतीपलीकडे कोपरापर्यंत चिखलाने माखून उभी होती आणि भोकातून सगळ्यांना दिसत होती. तिने थापी उचलली, खड्ड्यावर गोणपाट टाकलं आणि घरी गेली. वाटेत तिला रडू आलं, पण हात चिखलाचे होते, डोळे पुसायची सोय नव्हती.

*

"पातळ झाला असेल गारा," सासरा म्हणाला. त्याच्या मांडीवर वाखाची पेडी होती, बोटं चालूच होती.

"एकटीने घट्ट तुडवला जात नाही, मामंजी."

"एकटीने कधी कुणी तुडवलाय?"

ती चिडली. "मग कुणी तुडवायचा? तुम्ही उठताय का?"

म्हाताऱ्याची बोटं थांबली. सुनेला लगेच वाईट वाटलं. तिने हात धुतले, त्याला पाणी दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून चाकामागचं ढेकूळ काढून दाखवलं. म्हाताऱ्याने पेडी खाली ठेवली. बराच वेळ त्याने त्या तळहातांवरून अंगठा फिरवला.

"ही थोरली," तो म्हणाला. "ही मधली. हा इवलासा धाकटीचा. तुझा नवरा पाळण्यात होता तेव्हा. त्या वर्षी मला ताप होता, सगळा उन्हाळा अंथरुणात गेला. भिंत तुझ्या सासूने रचली. पोरी तुडवायच्या. दिवसभर नाचायच्या खड्ड्यात आणि संध्याकाळी तशाच चिखलाने माझ्या अंथरुणात."

"म्हणजे तुम्ही उभी केलीच नव्हतीत?"

"मी फक्त टेकून बसलो."

सुनेच्या तिन्ही नणंदा आसपासच्या गावांत दिलेल्या होत्या. धाकटीशी तिचं बरं होतं, मधलीशी कामापुरतं. पण थोरलीने ऐकलं तरच बाकीच्या ऐकणार, आणि थोरलीशी बोलणं बंद होतं. सासू गेली तेव्हा थोरलीने आईची मोठी पितळी परात उचलून नेली होती आणि सून म्हणाली होती, "परात नेलीत, आता चूलही न्या." एवढंच. पण एवढं पुरतं. भावाच्या मरणालाही थोरली आली, रडली, आणि भावजयीशी एक शब्द न बोलता परत गेली होती.

"मामंजी, उद्या तुमचं जेवण शिंपिणीकडे सांगून जाते," सून म्हणाली.

म्हाताऱ्याने पेडी पुन्हा मांडीवर घेतली. कुठे जातेस असं त्याने विचारलं नाही.

*

थोरलीची पिठाची गिरणी होती. सून पोचली तेव्हा गिरणी चालू होती आणि थोरली पांढरीफटक होऊन जात्याच्या तोंडाशी धान्य ओतत होती. तिने भावजयीला पाहिलं. गिरणी बंद केली नाही.

"वन्सं, एक काम होतं," सून ओरडून म्हणाली.

"काय?"

"हात हवेत."

"ऐकू येत नाही."

ऐकू येत होतं. सुनेलाही ते कळलं. ती पुढे झाली, पट्टा सरकवून तिने स्वतःच गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. दळण घेऊन बसलेल्या बायका सरसावून बसल्या.

"खोलीतली आपली भिंत पडलीय," सून म्हणाली. "मी एकटीने रचली, ती ढासळली. सगळ्यांच्या समोर ढासळली. दुकानदार तिथे दार काढणार आहे. जागा गेली की तळ्याची पाळी गेली, आणि पाळी गेली की मामंजींनी वळायचं काय? मी ते बोलायला नको होतं तेव्हा, चुलीचं. बोलले. आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण चला."

थोरलीने हातांचं पीठ झटकलं. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी दोराच्या चाकात सापडली होती.

"एवढी वर्षं लागली तुला हे बोलायला," ती म्हणाली.

"तुम्हाला परात परत करायला त्याहून जास्त लागतायत."

दळणवाल्या बायकांपैकी एक खुदकन हसली. थोरलीने तिच्याकडे डोळे वटारले, मग तिचेच ओठ हलले. "गारा वाहायला परात लागेलच," ती म्हणाली. "मधलीला मी सांगते. ती नाही म्हणाली तर कानाला धरून आणते."

*

तिघी आल्या त्या चौकातून वाजतगाजत यावं तशा आल्या, फक्त वाजंत्री नव्हतं. पुढे थोरली, डोक्यावर परात, उन्हात लखलखणारी. मागे मधली, जी गावाच्या वेशीपासून बोलत होती. शेवटी धाकटी, खांद्यावर खोरं. खड्ड्यापाशी पोचल्या, पदर खोचले, आणि तेवढ्यात दुकानदार आडवा आला.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "घरचे हात म्हणजे घरचे. दिलेल्या मुली दुसऱ्या घरच्या. उद्या मी माझ्या साडूला बोलावीन."

"साडू येईल का पण?" मधलीने विचारलं. "मागच्या वेळी तुम्ही त्याला खराब तांदूळ विकलात म्हणे."

माणसं जमली. थोरला सुतार खोलीतून वाकून बाहेर आला. तो दोन्ही बाजूंना मान हलवत राहिला, कारण दोन्ही बाजू त्याला बरोबर वाटत होत्या. मुली दिल्या की परक्या, हे तर सगळेच म्हणत आले होते.

सून घरी गेली. परत आली ती दोन माणसांना घेऊन. त्यांनी सासऱ्याला खुर्चीसकट उचललं होतं. तिच्या स्वतःच्या हातात ढेकूळ होतं. ते तिने सुताराच्या पुढ्यात ठेवलं.

"आपल्या भिंतीतून निघालंय. लिंपणाच्या आतून."

सुतार वाकला. तीन इवलेसे तळहात. सगळे वाकले.

"लहान मुलांचे तर आहेत," दुकानदार म्हणाला. "कुणाचेही असतील."

थोरलीने परात खाली ठेवली, पुढे झाली आणि पहिल्या ठशावर आपला हात ठेवला. हात केवढातरी मोठा झाला होता, राठ झाला होता, ठसा त्याखाली दिसेनासा झाला. मग तिने हात थोडा उचलला आणि करंगळी वाकडी धरली, जशी ती नेहमीच वाकडी असायची. ठशातली करंगळीही तशीच होती. त्याच पेरापाशी, त्याच बाजूला.

सुतार म्हाताऱ्याकडे वळला. "म्हणजे भिंत तुझ्या बायकोने आणि पोरींनी उभी केली, आणि पाठ तू टेकलीस इतकी वर्षं?"

"तिला म्हटलं होतं मी, तू बस," म्हातारा म्हणाला. "ती म्हणाली, मला घरी कामं आहेत."

सगळा चौक हसला. हे हसणं वेगळं होतं. सुताराने पाठ सरळ केली.

"हात घरचेच आहेत," तो म्हणाला. "तेव्हा होते, तर आता परके कसे झाले? तुडवा."

*

आणि तुडवलं त्यांनी. चौघी एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून खड्ड्यात उतरल्या. पाण्याची बादली घेऊन न्हावी आला, तर थोरली म्हणाली, "ठेव तिथे आणि लांब हो." गारा इतका घट्ट झाला की पाय ओढताना आवाज यायचा. वाखाचा चुरा सुनेने मूठमूठ टाकला. घोटे सुजले, टाचा फुटल्या, मधलीचं बोलणंसुद्धा दुपारनंतर थांबलं, आणि ते थांबल्याचं गावात लांबवर कळलं.

थर चढत गेले. सून भिंतीवर, ओळंबा तिच्या हातात, दोर अर्थात घरचाच. धाकटी गोळे करून द्यायची, थोरली परातीतून वर पोचवायची. प्रत्येक थर चोपून घ्यायचा, कडा तासायच्या, उन्हाला द्यायचा. थर वाळेपर्यंत चौघी ओसरीत बसून दोर वळायच्या, म्हातारा मध्ये बसून चुका काढायचा. कितीतरी वर्षांनी घरात इतकी माणसं होती. सुनेला रात्री झोप लागायची ती थेट सकाळपर्यंत.

छताला भिंत टेकायला एकच थर उरला तेव्हा आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस, दांडगा. घरातल्या चटया, गोणपाटं, चादरी सगळं भिंतीवर टाकून, चऱ्हाटाने आवळून बांधलं. पण पत्र्याची धार होतीच. सून भिजत दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पन्हळ," ती म्हणाली.

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे पावसात उभ्या राहिलेल्या तिघींकडे पाहिलं. थोरलीच्या हातात खोरं होतं. ते तिने सहजच धरलं होतं, पण त्याला ते माहीत नव्हतं. तो आत गेला, एक लांब पत्रा वाकवून घेऊन आला आणि स्वतः शिडीवर चढला. भिजला, बोट कापून घेतलं, पण धार वळवली. उतरल्यावर सुनेने त्याच्या बोटाला वाख गुंडाळून दिला.

भिंत टिकली. शेवटचा थर छताला भिडला त्या दिवशी, लिंपणाआधी, चौघींनी ओल्या मातीवर हात दाबले. सुनेचा हात बाकीच्यांच्या मधोमध आला. सासऱ्याने आग्रह धरला म्हणून त्यालाही उचलून आणलं.

"तुमचा कशाला, मामंजी?" ती म्हणाली. "तुम्ही काही केलं नाहीत."

"मागच्या वेळीही केलं नव्हतं," म्हातारा म्हणाला आणि हात दाबला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

*

हंगामाच्या बैठकीला सून खोलीत शिरली तेव्हा ओटा भरला होता. बायका खोलीत येत नसत असं नव्हतं. येत, उभ्याने सांगत, जात. ती गेली आणि आपल्या भिंतीसमोर उभी राहिली. तिथे न्हावी आणि कुंभार ऐसपैस बसले होते.

बोलणं थांबलं. असं कधी होत नसे. मग पलीकडच्या टोकाला थोरला सुतार काही न बोलता वीतभर सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. एकेक करत सगळा ओटा सरकला आणि न्हावी नि कुंभार यांच्यामध्ये माणसाएवढी जागा झाली. ती बसली. पाठ टेकली. भिंत कोरडी होती, दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. तिला इतका आनंद झाला की क्षणभर समोरचं काही दिसेना.

तळ्याच्या पाळ्या निघाल्या. सुताराने विचारलं, "दोरवाले?"

"पहिली," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "गेल्या वर्षी शेवटची घेतली. या वर्षी पहिली."

"कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही नव्हतं. पाळी ठरली आणि बोलणं पुढे गेलं.

तेवढ्यात बुटक्या दारातून वाकत दुकानदार आत आला. दुकान बंद करायला त्याला उशीर झाला होता. त्याने ओट्यावरून नजर फिरवली. त्याची नेहमीची जागा सरकण्यात कुठेतरी गेली होती. तो हळूहळू चालत तिच्यासमोर येऊन थांबला.

"जरा सरकता का, वहिनी?" तो म्हणाला.

हे वाक्य त्या खोलीत रोज कुणी ना कुणी कुणाला ना कुणाला म्हणत असे. तिला ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने वर बघितलं नाही. इतरांसारखीच ती कुंभाराच्या बाजूला सरकली, आणि कुंभार पुढे सरकला.

दुकानदार शेजारी बसला. त्याची पाठ निम्मी तिच्या भिंतीला येत होती. अंग चोरून, ताठ बसून राहिला तो.

"नीट रेलून बसा की," दोरवाली म्हणाली. "नाही पडत आता."